पचमढीच्या गुहा आणि दगडावरचे सैनिक



फौजेतल्या नेमणुका दोन प्रकारच्या. एक, जिथे कुटुंब नेता येते आणि दुसरी, जिथे फक्त काळी ट्रंक नेता येते. माझ्या वाट्याला सलग दुसऱ्या प्रकारच्या आल्या होत्या. त्यामुळे पचमढीची मूव्ह ऑर्डर हातात पडली तेव्हा सौ.ने देवापुढे साखर ठेवली. पचमढी म्हणजे आर्मी एज्युकेशन कोअरचे प्रशिक्षण केंद्र. शांत ठाणे, लहानसे गाव, चहूबाजूंनी सातपुड्याचे जंगल. मिलिटरी म्युझिक विंगही इथेच आहे. देशभरातल्या पलटणींचे बँडवाले इथे शिकायला येतात. सकाळी पीटीला निघावे तर साल आणि आंब्याच्या झाडांमागून कुठे क्लॅरिनेट, कुठे बॅगपाइप, कुठे एकच सूर दहा वेळा घोटणारा एखादा नवखा जवान ऐकू येतो. पहिले आठ दिवस मजा वाटते, नंतर सवय होते.

दिवाळीच्या सुट्टीत आई वरूडहून आली. मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत. दोघांना धबधबे आणि जिप्सी हवी होती, आईला महादेव हवा होता. मी मात्र ठरवले होते की या वेळी पोरांना गुहा दाखवायच्या. सुट्टीवर आलेल्या बापाला मुलांना काहीतरी शिकवायची फार घाई असते. वर्षभराची भरपाई चार दिवसांत करायची असते ना! या सहलीत मीच जास्त शिकलो, म्हणून हा लेख.

पहिल्या दिवशी पांडव गुहा पाहिल्या. गावाला लागूनच एका बुटक्या टेकडीत पाच गुहा आहेत. पाच मढ्या, म्हणून पचमढी, असे गावाच्या नावाचे मूळ सांगतात. सर्वांत ऐसपैस ती द्रौपदीची कुटी आणि अंधारी, कोंदट ती भीमाची कोठडी. वनवासात पांडव इथे राहिले, ही लोकांची श्रद्धा. बौद्ध भिक्षूंनी या गुहा कोरल्या असाव्यात, हे पुरातत्त्वाच्या अभ्यासकांचे म्हणणे. आपण मराठी माणसे भाजे, कार्ले, अजिंठा पाहिलेली असल्यामुळे छिन्नीने कोरलेली भिंत चटकन ओळखतो. आपल्या भाषेत त्याला वेगळा शब्दच आहे, लेणी. पांडव गुहा या अर्थाने लेणीच. पोरांनी आत डोकावले, रिकाम्या खोल्या पाहिल्या आणि तोंडे पाडली. "बाबा, इथे तर काहीच नाही!" मुलगा म्हणाला. मी म्हटले, उद्या बघू. उद्या कोरलेल्या नाही, निसर्गाने केलेल्या गुहा आहेत आणि त्या रिकाम्या नाहीत.

संध्याकाळी आम्ही बायसन लॉज पाहिला. आता तिथे वनखात्याचे संग्रहालय आहे. ही पचमढीतली इंग्रजांची पहिली इमारत, कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने बांधलेली. पचमढीत कुणालाही विचारा, 'फोर्सिथ साहेबाने पचमढी शोधली' हेच उत्तर मिळते. बरेच जण १८५७ हे सालही सांगतात. पण फोर्सिथची मध्य भारतातल्या डोंगरांची सफर १८६२ साली सुरू झाली. १८६१ मध्ये नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदेचा मुलूख एकत्र करून इंग्रजांनी मध्य प्रांत केला होता. त्या नव्या प्रांतातले डोंगर आणि जंगल पाहणे, हे त्याचे काम. त्याचे पुस्तक १८७१ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी तो वारला. वय तेहतीसच्या आसपास. पुढे पचमढी मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. नागपूरचे सरकार उन्हाळ्यात दप्तर घेऊन इकडे चढायचे.

आता आपल्या विषयातला माणूस म्हणून मला प्रश्न पडतो की ज्या ठिकाणी चार वर्षे आधी लढाई झाली, ते ठिकाण सापडले कसे म्हणायचे? १८५८ च्या ऑक्टोबरअखेरीस तात्या टोपे नर्मदा उतरून याच सातपुड्यात आले होते. हर्राकोटचे कोरकू राजे भभूतसिंह या डोंगरांतून इंग्रजांशी लढले. अखेर ते पकडले गेले आणि त्यांना देहदंड झाला. म्हणजे इंग्रजी फौजेला हे डोंगर चांगलेच ठाऊक होते. महादेवाच्या देवस्थानाची राखण कोरकू जहागीरदारांकडे पिढ्यान्पिढ्या होती आणि महादेवाला दरवर्षी मोठी यात्रा भरत होती. त्या यात्रेचे वर्णन तर खुद्द फोर्सिथच्या पुस्तकात आहे. हजारो माणसे आधीच जमलेली आहेत आणि त्या गर्दीत उभे राहून आपण म्हणायचे, ही जागा मी शोधली!

हे सगळे मी पोरांना सांगत होतो. आई बाकावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "माहे सासरे पोह्यासंगं पायदल यायचे इथं. त्यायच्याही आधी त्यायचा बाप यायचा. थ्या साहेबाले कोनी इचारलं नाही वाटते." विदर्भातल्या वाचकांना पोहा म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, महादेवाला निघालेला यात्रेकरूंचा जथा म्हणजे पोहा. खांद्यावर त्रिशूळ, कपाळी भस्म आणि पायी सातपुडा. आमच्या वरूड-मोर्शी भागात आजही शिवरात्रीला आणि नागपंचमीला घराघरांतून माणसे पचमढीला निघतात. चौरागडावर वाहिलेल्या त्रिशूळांचे ढीग ज्यांनी पाहिले असतील, त्यांना आईचे म्हणणे पटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जटाशंकरला गेलो. दोन उभ्या कड्यांमधली खोल घळ, तळाशी गारवा आणि वर मोठमोठ्या शिळा अडकलेल्या. आईने दर्शन घेतले. तिथून उत्तरेच्या बाजूला वनखात्याचा परवाना आणि वाटाड्या घेऊन निघालो. वाटाड्या कोरकू होता, साठीकडे झुकलेला. मुले त्याला दादा म्हणू लागली, म्हणून मीही दादाच म्हणतो. निघताना त्याने एकच सूचना केली, कड्याखाली मोठ्याने बोलायचे नाही. वर बोट दाखवले. शंभरेक फुटांवर आग्या मोहोळांचे काळे पडदे लटकत होते. माझा मुलगा आयुष्यात पहिल्यांदा अर्धा तास गप्प बसला.

त्या मोहोळांचाही इतिहास आहे. पचमढीच्या गुहाचित्रांत मध काढणारी माणसे आहेत. शिडीवर चढलेली, भोवती ठिपक्यांसारख्या माश्या उडत असलेली. चित्र जुने, पण कडा तोच, माश्याही त्याच जातीच्या आणि उतरण्याची भीतीही तीच.

पहिली गुहा हार्पर्स केव्ह. गुहा म्हटल्यावर आपल्याला बोगदा आठवतो. तसे काही नाही. वाळूच्या दगडाचा कडा खालून झिजलेला आणि वरचा भाग छपरासारखा पुढे आलेला. पावसात पलटणीतली एखादी तुकडी कोरडी बसेल एवढी जागा. नजर अंधाराला सरावली आणि मग दगडावर एकेक आकृती उमटू लागली. दादाने काठी न टेकवता लांबूनच दाखवले. एक माणूस बसला आहे आणि त्याच्यापुढे धनुष्यासारखे वाकलेले, तारा ताणलेले वाद्य आहे.

"बँडवाले काका!" मुलगा कुजबुजला.

मला हसू आले, पण पोराचे चुकले नव्हते. ज्या गावात सकाळ-संध्याकाळ वाद्ये घोटली जातात, त्या गावाबाहेर शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी वादकाचे चित्र काढून ठेवले होते. आणि हे वाद्य साधे नाही. आपण वीणा म्हटले की भोपळ्याची वीणा डोळ्यांसमोर आणतो. पण प्राचीन भारतातली वीणा पुष्कळदा अशीच धनुष्याकृती असे. सांची-भारहूतच्या शिल्पांत ती दिसते. चौथ्या शतकातल्या सम्राट समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर तो स्वतः मांडीवर वीणा घेऊन बसला आहे, तीही याच घराण्यातली. पहिल्या सहस्रकाच्या अखेरीस ही वीणा आपल्याकडच्या शिल्पांतून जवळजवळ दिसेनाशी होते. ब्रह्मदेशात ती 'साउंग' या नावाने टिकली. आणि मंडल्याकडच्या गोंडांचे भाट म्हणजे परधान, त्यांच्यात बिनबाजा नावाचे तिचे साधे रूप अगदी अलीकडेपर्यंत वाजत होते. राजदरबारातून गेलेले वाद्य जंगलाने सांभाळले. इतिहासाच्या पुस्तकात अशा गोष्टीला एक ओळसुद्धा मिळत नाही.

आता या चित्रांचे वय कसे ठरवतात ते सांगतो, कारण वाटेत मुलीने हाच प्रश्न विचारला होता. एकाच दगडावर अनेक पिढ्यांनी चित्रे काढली आहेत, एकावर एक. खालचे आधीचे, वरचे नंतरचे. रंग, रेघ, शैली यांचे थर लावत गेले की क्रम मिळतो. पचमढीत हे काम बारकाईने करणाऱ्यांत एक फौजी होता, याचा मला अभिमान वाटतो. लेफ्टनंट कर्नल डी. एच. गॉर्डन यांनी १९३० च्या दशकात या चित्रांचा अभ्यास करून लेख लिहिले. त्याच दशकात नागपूरचे प्राध्यापक जी. आर. हंटर यांनी इथल्या डोरोथी डीप या गुहेत उत्खनन केले. दगडाची बारीक हत्यारे निघाली. गॉर्डनचे मत असे की चित्रे फार जुनी नाहीत, बरीचशी ऐतिहासिक काळातली आहेत. पुढे १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर यांना भोपाळजवळ आगगाडीतून जाताना भीमबेटकाचे कडे दिसले. नीमचला जन्मलेला, उज्जैनला घडलेला आपला हा मराठी माणूस. भीमबेटकाच्या अभ्यासाने भारतातल्या गुहाचित्रांचा काळ हजारो वर्षे मागे गेला. आज पचमढीची सर्वांत जुनी चित्रे सुमारे १०,००० वर्षांपूर्वीची मानतात. मात्र बहुतेक चित्रे इसवी सन ५०० ते ८०० या काळातली धरतात. त्या बाबतीत गॉर्डन अगदीच चुकला नव्हता.

तिथून पुढे चीफटन्स केव्ह. सरदारांची गुहा म्हणा. इथे युद्धाचा प्रसंग आहे. दोन सरदार घोड्यांवर. मी पुढे झालो. मला वाटले, आता माझा विषय आला. पोरांना म्हटले, "घोडा आणि तलवार दिसली की समजायचे, हे अश्मयुग नाही. शिकारीचे चित्र असते तर समोर जनावर असते. इथे समोर माणूस आहे."

आमच्या मुलीने बराच वेळ पाहिले. मग विचारले, "बाबा, यातले आपले कोण?"

मी तोंड उघडले आणि बंद केले. वीस वर्षे मला हा प्रश्न पडला नव्हता, कारण कुणी पडूच दिला नव्हता. आपले कोण, समोरचे कोण, हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगितले जाते, आणि ते तसेच असायला हवे. सीमेवर उभे राहून तो प्रश्न विचारता येत नाही. पण इथे ना झेंडा, ना वर्दी, ना शिलालेख. दोन्ही सरदारांची नावे गेली. ज्या गावासाठी, गाईंसाठी किंवा पाण्यासाठी ते लढले असतील, तेही गेले. कोण जिंकला, कुणालाच ठाऊक नाही. दोघांची आई कुठेतरी वाट पाहत असेल, एवढेच खात्रीने सांगता येते.

"माहीत नाही बेटा," मी म्हणालो. "मग चित्र कुणी काढले? हरलेल्याने की जिंकलेल्याने?" तिचा पुढचा प्रश्न तयार होता. यावर अभ्यासकांचे एक मत मला ठाऊक होते, ते सांगितले. मैदानातल्या राज्यांच्या फौजा या डोंगरांतून जात, तेव्हा इथल्या रानातल्या माणसांनी त्या झाडांआडून पाहिल्या असाव्यात आणि पाहिले ते दगडावर काढले असावे. म्हणजे चित्रकार कदाचित कुणाच्याच बाजूचा नव्हता. मुलगी म्हणाली, "म्हणून त्याने दोघांना सारखेच छान काढलेय." मी यावर काही बोललो नाही. सौ.ने माझ्याकडे पाहिले, तीही काही बोलली नाही. ज्या वर्षी मी दोन महिने फोनच्या टप्प्याबाहेर होतो, त्या वर्षीची तिची नजर मला आठवली.

आणि मग मी चूक केली. चित्र फोटोत नीट येईना. ओल्या दगडावर रंग उठून दिसतो, हे कुठेतरी ऐकलेले. मी पाण्याची बाटली उघडली, ओंजळीत पाणी घेतले आणि घोड्यावर शिंपडायला हात उचलला.

"साहब, नहीं!"

आग्या मोहोळाखाली मोठ्याने बोलायचे नाही, हे सांगणारा दादा पहिल्यांदाच ओरडला होता. माझा हात तसाच राहिला. तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "एक बार में कुछ नहीं होता साहब. पर सब एक ही बार डालते हैं."

नंतर त्याने समजावून सांगितले. ओल मुरली की दगडातले क्षार पृष्ठभागावर येतात, वाळताना पांढरी साय धरते आणि त्या सायीखाली चित्र जाते. पुन्हा पाणी टाकले की क्षणभर दिसते, म्हणून पुढचा माणूसही टाकतो. त्याने शेजारचा दगड दाखवला. तिथे पांढुरक्या डागाशिवाय काही नव्हते. त्याच्या लहानपणी तिथे एक हरीण होते, म्हणाला. त्याच्या बाजूला अणकुचीदार दगडाने कोरलेले एक नाव होते, खाली साल आणि आमच्यातल्या माणसालाच कळेल असा एक नंबर. मी पोरांना दुसरीकडे वळवले. शिस्तीचा पाठ देणारा बाप त्या दिवशी तसा अडचणीतच होता.

आईने माझी बाजू घेतली नाही. तिने पदर सारून आपल्या हातावरचे गोंदण पाहिले. तिच्या मनगटावर हिरव्या रेघांचा एक माणूस आहे, आजीने गोंदवून घेतलेला. दगडावरच्या माणसांचा भाऊ शोभावा असा. "हे धुतल्यानं जात नाही," ती म्हणाली, "पन थे जाते. मंग काहून हात लावतं?"

परतताना मी दादाला त्याच्या गावाविषयी विचारले. गाव आता जंगलात नाही, व्याघ्र प्रकल्पामुळे बाहेर आणले, एवढेच तो म्हणाला. जमीन मिळाली, शाळा जवळ आली. पण बापाबरोबर मध काढायला जायचा ती वाट आता परवान्याशिवाय चालता येत नाही. तक्रारीचा सूर नव्हता. वाघ वाचायला हवेत, हे त्यालाही मान्य होते. ज्यांच्या पूर्वजांकडे देवस्थानाची राखण होती, त्यांच्यातला हा माणूस रोजंदारीवर आमच्यासारख्यांना तीच जागा दाखवत होता आणि बाटलीतल्या पाण्यापासून तिची राखणही करत होता. त्याच्या पगारपत्रकात हे काम बहुधा लिहिलेले नसेल.

संध्याकाळी बडा महादेवला गेलो. खोल गुहा, छतातून टपटपणारे पाणी. यात्रेचे दिवस नसल्याने गर्दी नव्हती. आईने सासऱ्यांच्या नावाने नारळ फोडला. त्यांनी महादेवाची पन्नासेक वर्षे पायी वारी केली, पण कुठल्याही दगडावर नाव कोरले नाही. चौरागडावर त्यांनी वाहिलेला त्रिशूळ असेल तर हजारोंच्या ढिगात असेल. कुणाचा कोणता, हे महादेवालाच माहीत. आई म्हणाली, "थे बरंच हाय."

घरी आल्यावर मुलीने वहीत चित्र काढले. दोन घोडेस्वार, समोरासमोर. खाली कुणाचेच नाव नाही. मी विचारले, सही का नाही केलीस? ती म्हणाली, "त्याने पण नव्हती केली."

ते पान माझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवले आहे. पुढची मूव्ह ऑर्डर येईल तेव्हा बहुधा फक्त ट्रंकच सोबत असेल. माझे काम मी करीनच, त्यात शंका नाही. पण ट्रंक उघडताना ते दोघे रोज दिसतील.

पचमढीला जाणाऱ्यांना एवढेच सांगतो. गुहा जरूर पाहा, वाटाड्या जरूर घ्या, त्याचे ऐका. पाणी फक्त पिण्यासाठी न्या.

जय हिंद!